या वर्षी टोमॅटो लावू नकोस

ब्रॅझल्टन, टेक्सस
७ डिसेंबर १९८३

लाडके विनोना,

रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. एकोणीस वर्षांत माझा डब आणि तुझा हॉइट, या दोन फुटबॉल कोचांच्या मागे फिरत आपण पाच कॉलेजं बदलली, आणि दर वेळी स्वतःचं सामान बांधून झालं की तू माझं बांधायला यायचीस. या वेळी मी कपाटं उघडी टाकून निघाले. रविवारी दुपारी डबला कोच म्हणून न्यायला इथल्या युनिव्हर्सिटीचं विमान आलं, आणि डब म्हणाला, कुणालाही फोन करायचा नाही, बातमी फुटली तर सगळं फिसकटेल. ओव्हनमध्ये चिकन होतं गं माझं. डीना चर्चमध्ये गाण्याच्या तालमीला गेली होती. तिच्यासाठी फ्रिजवर चिठ्ठी ठेवली, की विनोनामावशीकडे जा.

आता मागायचं ते मागते. डीनाचं शाळेचं हे शेवटचं वर्ष. चिअरलीडर पोरींची ती पुढारी, मेमध्ये शाळा संपल्याच्या समारंभात टोपी आणि झगा घालून मंचावर जायचं, सगळं तिथेच. आत्ता तिला इथे नव्या शाळेत घातलं तर वर्षाचा चुराडा होईल. मे संपेपर्यंत तिला ठेवशील? तुला मूल नाही, तिला तू आहेस. ती तुला मावशी म्हणते ते काही उगाच नाही.

हॉइटची काळजी करू नकोस. विमानात डबने पहिलं नाव त्याचंच घेतलं. पण इथे कोणती खुर्ची कुणाची ते अजून ठरायचंय, वरच्या लोकांची मर्जी सांभाळावी लागते. जरा दम धर.

मिस्टर ग्रबने डबला वापरायला दिलेली पांढरी गाडी विमानतळावर उभी आहे, किल्ली मागच्या चाकावर. हॉइटला ती ग्रबच्या गाड्यांच्या दुकानात पोचवायला सांग.

आणि फोनच्या भानगडीत पडू नकोस. नवा नंबर कुणालाही द्यायचा नाही अशी ताकीद आहे, पत्रकार जगू देत नाहीत. पत्र लिही. तुझी पत्रं वाचायला मला फार आवडतं.

तुझीच,
जेरीलिन


काउली, अलाबामा
१२ डिसेंबर

जेरी,

रागावले होते. तुझं चिकन बाहेर काढायला मीच गेले. घरभर धूर होता आणि डीना मागच्या पायरीवर बसली होती. तुझी चिठ्ठी वाचायच्या आधी तिने रेडिओ ऐकला होता. सगळ्या गावाने रेडिओवरच ऐकलं, हॉइटनेही. तो पोरांना शनिवारच्या सामन्याची फिल्म दाखवत बसला होता. एका पोराने दारात येऊन सांगितलं तर हॉइटने त्याला अफवा पसरवतोस म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. बिचारा पोरगा मुकाट्याने धावला.

आदल्याच आठवड्यात डब सगळ्या पोरांसमोर म्हणाला होता, "पेपरवाले काय वाटेल ते लिहू देत. माझी नातवंडं काउलीत वाढणार आहेत." पोरं बाकांवर उभी राहून ओरडली होती. आता न्हाव्याने 'कोच मॅब्री' लिहिलेला डबचा फोटो आरशावरून काढून संडासात लावलाय. ग्रबचं विचारू नकोस. हॉइटने गाडी नेऊन दिली, तर त्याने ती घेतलीच, वर हॉइटला दिलेलीही काढून घेतली. म्हणाला, तुम्ही सगळे एकाच माळेचे मणी. हॉइट पायी घरी आला. मी हसले. मग त्याची चाल बघून हसू आवरलं. कमरेचं दुखणं थंडीत बळावतं त्याचं.

डीना तुझी उशी आणि स्वतःच्या मैत्रिणींच्या फोटोंचा डबा घेऊन आली. मागची खोली तिला दिलीय. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

टेरल ओट्स अजून इस्पितळात आहे. त्या शनिवारच्या सामन्यात मध्यंतरात गुडघ्यात बधिर करायची सुई टोचून डबने त्याला परत मैदानात पाठवलं. आपला क्वार्टरबॅक, ज्याच्यावर सगळा संघ चालतो तो, लंगडत खेळला, आपण जिंकलो, आणि टेक्ससवाले आले. हे मी तुला काय सांगायचं. डॉक्टर म्हणतो, चालेल, पण पुन्हा धावणार नाही. तो रोज विचारतो, कोच कधी येणार.

वर्षाचा अखेरचा सामना हॉइट सांभाळतोय. तू म्हणालीस म्हणून दम धरते, पण हॉइटसाठी कोणती खुर्ची, एवढं तरी डबला विचार. त्याचं वय आता पन्नाशीच्या पुढे गेलंय.

आणि हो, छप्पर वॉशिंग मशीनवर गळतंय. डब आता आमचा कोच नसला तरी घरमालक आहेच. छप्पर दुरुस्त झालं की मी स्वयंपाकघराला पिवळा रंग लावणार आहे.

विनोना


ब्रॅझल्टन
३ जानेवारी १९८४

लाडके विनोना,

हरलात ते वाचलं. हॉइटने मनाला लावून घेऊ नये. टेरल नसताना जिंकणार तरी कोण होतं? टेरलला मी कार्ड पाठवलंय, खाली डबची सही आहे. सही मीच केली, तुला डबचा आळस माहीत आहे.

घर मोठं आहे, इतकं की डबला हाक मारायची तर जिन्यावर यावं लागतं. मागे पोहायचा तलाव. इथल्या बायका सगळ्या ठेवणीतल्या, कुणाशी दोन शब्द मोकळे बोलायची सोय नाही. तुझी फार आठवण येते.

डबला आपल्या काही लोकांना सध्या मागे ठेवावं लागलं. युनिव्हर्सिटीची स्वतःची माणसं होती, त्यांना कसं काढणार? पण वसंतात एक जागा मोकळी होतेय. त्या जागेबद्दल तो काही बोलत नाही, नुसता हसतो. तू समजून घे.

छपराचं कळलं. पण माझं ऐक, त्या घरावर या वर्षी एक पैसाही घालू नकोस. रंगबिंग काही लावू नकोस. आणि टोमॅटोही लावू नकोस. तुझा जीव अडकतो त्या वाफ्यात, मग उगाच त्रास होतो. याहून जास्त मला लिहिता येत नाही.

डीनाला वसंतातल्या नाचासाठी झगा घेऊन दे, निळा नको, निळ्यात ती काळवंडलेली दिसते.

तुझीच,
जेरीलिन


काउली
१० जानेवारी

जेरी,

समजले. तू लिहू शकत नाहीस, मी विचारणार नाही. टोमॅटो लावायचे नाहीत म्हटल्यावर मी पत्र हॉइटला वाचून दाखवलं. तो महिनाभरात पहिल्यांदा हसला. म्हणाला, टेक्ससची माती टोमॅटोला कशी असते ते जेरीला विचार. मी रंगाचा डबा दुकानात परत केला आणि माळ्यावरून खोकी उतरवली. मागच्या खेपेची काही खोकी तर मी उघडलीच नव्हती. तुला माहीत आहेच, आपल्या धंद्यात सगळी खोकी उघडणारी बाई मूर्ख.

वाफ्यातल्या काठ्याही उपटल्या. त्या 'विकणे आहे'च्या पाट्यांच्या काठ्या, आठवतं? एक्क्याऐंशी साली आपण ओळीने हरलो, तेव्हा पोरं अंधारात येऊन, घर विका नि चालते व्हा म्हणून, कोचांच्या अंगणात पाट्या ठोकून जायची. तुझ्या अंगणात जंगल उभं राहिलं. माझ्या अंगणात दोनच, आणि मी आठवडाभर फुरंगटले होते, की आमच्या नवऱ्याला कुणी हाकलण्याच्या लायकीचाही समजत नाही. सगळ्या पाट्या गॅरेजमध्ये रचून ठेवल्यात.

आता एक गंभीर गोष्ट. नवा कोच आला, आपली माणसं घेऊन आला. हॉइटने शुक्रवारी किल्ल्या दिल्या. पगार या महिन्यापुरता. आणि परवा आर्कान्सातल्या प्लमरहून हॉइटच्या जुन्या मित्राचा फोन आला. तिथल्या शाळेला कोच हवाय. मुख्य कोच, जेरी. हॉइट आयुष्यात कधी मुख्य कोच झाला नाही. शाळा छोटी आहे, पण राहायला घर देतात आणि म्हातारा होईपर्यंत कुणी हलवणार नाही. उत्तर पंचवीस तारखेपर्यंत द्यायचंय.

हॉइटला जावंसं वाटतंय, मला दिसतं ते. पण तो म्हणतो, डबने शब्द दिला असेल तर मी त्याला तोंडघशी पाडणार नाही. तेव्हा तू एका ओळीत सांग. घ्यावी की सोडावी? कारण सांगू नकोस, फक्त घ्या किंवा सोडा, एवढं लिही. मी कुणाला दाखवणार नाही.

डीना बरी आहे. इस्पितळात टेरलला बघायला जाते, माझ्या हातची केळ्याची खीर घेऊन जाते. तुझं कार्ड त्याने उशाशी ठेवलंय.

विनोना


ब्रॅझल्टन
२९ जानेवारी

लाडके विनोना,

तुझं पत्र कागदांच्या ढिगात राहिलं. इथे रोज पाहुणे, रोज जेवणावळी, मला दिवस कळेनासे झालेत. वाईट वाटून घेऊ नकोस.

प्लमरचं तू मला विचारतेस, पण मी काय सांगणार? कामाचं बोललं की डब लालबुंद होतो. हा तुमच्या दोघांच्या आयुष्याचा प्रश्न आहे. तुमचं मन काय म्हणतं ते बघा. मी कोण सांगणारी. एवढंच सांगते की डबच्या तोंडी हॉइटचं नाव रोज असतं.

फक्त एक. काहीही ठरवलंत तरी मेच्या आत घर हलवू नका. डीनाचं वर्ष मध्येच मोडलं तर मी स्वतःला माफ करणार नाही. तिला तुझ्याकडे बरं वाटतंय, तिच्या पत्रांवरून कळतं. पत्रं हल्ली फार छोटी असतात, पण त्या वयात तसंच असतं, नाही का?

जरा दम धर.

तुझीच,
जेरीलिन


काउली
४ फेब्रुवारी

जेरी,

तुझं पत्र पोचलं तेव्हा पंचवीस तारीख होऊन गेली होती. हॉइट टपालपेटीपाशी रोज सकाळी उभा राहायचा. पोस्टमन लांबूनच मान हलवायचा. पंचवीस तारखेला दुपारी हॉइटने प्लमरला फोन लावला आणि नाही म्हणाला. म्हणाला, जेरीने घ्या म्हणायचं असतं तर लगेच लिहिलं असतं. सोडा म्हणायचं असतं तरीही लगेच लिहिलं असतं, असं मी म्हणाले. 

असो. झालं ते झालं. तुझ्या पत्रातलं 'रोज नाव घेतो' मी त्याला वाचून दाखवलं. ते त्याला पुरलं. सध्या तो ब्रेडची गाडी चालवतो. पहाटे निघतो, दुकानादुकानांत पाव टाकतो. दुकानात लोक विचारतात, कोच, औंदा संघ कसा? तो अजून उत्तर देतो.

घर हलवत नाही. निर्धास्त राहा.

टेरल घरी आला. नव्या कोचने त्याची शिष्यवृत्ती बंद केली. चालता येईना त्याला कोण खेळवणार? डीना त्याला परीक्षेचं वाचून दाखवते. तू डीनासाठी पाठवलेली सोनेरी साखळी पोचली, तिचा अठरावा वाढदिवस मात्र पुढच्या महिन्यात आहे. बहुधा तू तारीख चुकलीस.

विनोना


ब्रॅझल्टन
२० एप्रिल

लाडके विनोना,

हे पत्र लिहायला हात होत नव्हता. ती मोकळी जागा भरली. तीस वर्षांचा पोरगा आहे, कॅलिफोर्नियाचा. सगळं आकड्यांत बोलतो, वरच्या लोकांना असंच कुणीतरी हवं होतं. डब त्या दिवशी जेवला नाही, खरं सांगते. म्हणाला, हॉइटसारखा माणूस मला पुन्हा मिळणार नाही. हॉइटला हे सांग, त्याला बरं वाटेल. सप्टेंबरात सामन्याची दोन चांगली तिकिटं पाठवते. उन्हाची बाजू नसेल.

डीनाच्या समारंभाला आम्हाला येता येणार नाही. त्याच दिवशी देणगीदारांचा गोल्फ आहे, डब नसेल तर कसं चालेल? आणि काउलीत लोक काय करतील कोण जाणे. तू पहिल्या रांगेत बस आणि खूप फोटो काढ. दुसऱ्या दिवशीच्या विमानात तिला बसवून दे. इथल्या युनिव्हर्सिटीत तिचा प्रवेश झालाय, मुलींच्या वसतिगृहात खोली मिळालीय, मी स्वतः पडदे निवडले.

तू नसतीस तर माझं काय झालं असतं?

तुझीच,
जेरीलिन


काउली
२८ एप्रिल

जेरी,

पत्र मिळालं. हॉइटला तुझा निरोप सांगितला. तो म्हणाला, बरं.

डीनाचं सगळं नीट करते. तू काळजी करू नकोस.

छप्पर आता डीनाच्या खोलीतही गळतं.

विनोना


ब्रॅझल्टन
६ मे

लाडके विनोना,

किती मोठ्या मनाची आहेस तू. मला वाटलं होतं तू पत्र लिहायचंच सोडशील.

छपराचं डबच्या कानावर घातलंय. एक माणूस घर बघायला येईल, त्याला आत येऊ दे. अंगण जरा झाडून ठेवलंस तर बरं.

घाईत आहे. डीनाला पापा.

जेरीलिन


काउली
२७ मे

जेरी,

समारंभ छान झाला. फोटो धुवायला टाकलेत. डीना कालच्या विमानात बसली नाही. शाळा संपली की इथली पोरं समुद्रावर जातात, तुला माहीतच आहे, तीही गेली. परतली की कळवते.

विनोना


ब्रॅझल्टन
२ जून

लाडके विनोना,

जाऊ दे, मजा करू दे तिला. एकदाच तर असतं ते वय. पण दहा तारखेच्या आत पाठव, वसतिगृहातल्या मुलींचं चहापान आहे आणि तिथे ओळखी होतात त्या जन्मभर पुरतात. निघायच्या आदल्या दिवशी तिला शॅम्पूने नीट न्हायला लाव, समुद्राने केसांचं वाटोळं होतं.

जेरीलिन


काउली
११ जून

मॅब्रीबाई,

पंधरा मेच्या सकाळी मी पेपर उचलायला बाहेर आले, तर अंगणात पाटी. 'विकणे आहे'. खरं सांगू? मी हरखले. हॉइटची नोकरी जाऊन चार महिने झाले, तो ब्रेड विकतो, तरी गावात कुणाला तरी अजून त्याचा राग येतो म्हणजे कुणी तरी त्याला अजून कोच समजतं. मी पाटी उपटली आणि गॅरेजमध्ये एक्क्याऐंशीच्या पाट्यांवर टाकली. हॉइट घरी आल्यावर त्याला दाखवली. त्यानेही हसत विचारलं, एकच?

गुरुवारी एक जोडपं आलं, बरोबर कोट घातलेला दलाल. तुझा घर बघायला येणारा माणूस तो हाच. मला वाटलं छपराचे लोक आहेत, मी चहा टाकला. बाईने पर्समधून मापाची फीत काढली आणि माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लावली. मग मला विचारलं, तुम्ही रिकामं कधी करणार? मी म्हटलं, काय रिकामं करणार? दलाल पोरगा सभ्य होता. त्याचे कान लाल झाले.

"बाई, पाटी कुठे गेली? सोमवारी रात्री मी स्वतः ठोकली होती."

"गॅरेजमध्ये आहे. मी दर वर्षी टोमॅटोला लावते."

त्याने खिडकीतून वाफ्याकडे पाहिलं. "टोमॅटो कुठायत?"

"या वर्षी लावले नाहीत," मी म्हटलं, आणि तेव्हा मला तुझं जानेवारीतलं पत्र समजलं. मला वाटलं होतं तू आम्हाला टेक्ससचा इशारा देतेयस. तू फक्त गिऱ्हाइकासाठी जमीन मोकळी ठेवत होतीस. आणि मेपर्यंत घर हलवू नका म्हणालीस, कारण तुझी पोरगी त्याच घरात राहत होती.

हॉइट ब्रेडवाल्याच्या शर्टात जेवायला बसला होता. तो उठला, गॅरेजमधून ती पाटी शोधून आणली, हातोडा घेतला आणि अंगणात स्वतः ठोकली. मग मला हाक मारून म्हणाला, सरळ लागलीय का बघ. सरळ लागली होती. मी तुला त्यासाठी कधीच माफ करणार नाही, जेरी. नोकरीसाठी केलं असतं. त्यासाठी नाही.

डीना टेबलापाशीच बसलेली होती. तिने सगळं पाहिलं. दोन दिवसांनी, मी भांडी घासत होते तेव्हा ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. टेरलने तिला मागणी घातली होती. तो तेव्हा टायरच्या दुकानात होता, स्टुलावर बसून काम करायचा. मला म्हणाली, "मावशी, मी काय करू? टेक्ससला जाऊ की त्याच्याशी लग्न करू?"

तिला कोणतं उत्तर हवं होतं ते मला दिसत होतं. पोरगी घाबरलेली होती. इस्पितळात खीर नेता नेता दयेपोटी सुरू झालेली गोष्ट तिच्या हाताबाहेर गेली होती, आणि कुणीतरी मोठ्या माणसाने नाही म्हणावं, एवढ्यासाठी ती माझ्याकडे आली होती. मी 'जा' म्हटलं असतं तर ती त्याच संध्याकाळी बॅग भरून बसली असती. टेरल तिच्यावर प्रेम करतो की तिच्या बापाचं काही तरी हिसकावून घेतोय, हे मलाही ठाऊक नाही. त्यालाही नसावं. अबोल पोरगा आहे, आणि गुडघा दुखला की त्याचा आवाज बदलतो. ते मी ऐकलंय.

मी ताट विसळत म्हटलं, "तुझं मन काय म्हणतं ते बघ. मी कोण सांगणारी."

तिने ते ताट माझ्या हातातून घेऊन पुसलं. मग म्हणाली, बरं. अगदी हॉइटसारखी.

लग्न सव्वीस तारखेला झालं, ज्या दिवशी तू तिला विमानात बसवायला सांगितलं होतंस त्याच दिवशी. मी केक केला. अंगणात टेबलं मांडली, पाटीला कुणी हात लावला नाही, सगळ्या फोटोंत ती आलीय. झगा निळा होता. न्हावी आला होता, ग्रब आला होता, आणि ज्याला हॉइटने फेऱ्या मारायला लावल्या होत्या तो पोरगाही आला होता. त्याने पेला उचलून म्हटलं, कोच मॅब्रीचा शब्द खरा झाला, त्याची नातवंडं काउलीतच वाढणार. सगळं अंगण हसलं. डीना हसली नाही. मग दोघं समुद्रावर गेले. मी तुला खोटं लिहिलं नव्हतं.

तुझं सामन्याचं तिकीट नको. आम्ही या शनिवारी निघतोय, हॉइटच्या भावाकडे मागची खोली आहे. प्लमरला त्यांनी फेब्रुवारीतच दुसरा माणूस घेतला.

डीना तुझ्या पत्राची वाट बघतेय. त्यांच्याकडे फोन नाही, आणि तुझा नंबर तिलाही माहीत नाही. रविवारी ती आली होती. रडली, यायच्या दिवशी रडायला हवी होती तशी. म्हणाली, आधी मी लिहायची माझी हिंमत नाही, आईला सांग, मला पत्र लिही, लवकर. तिने नवा पत्ता माझ्याकडे लिहून दिलाय, तुला कळवायला. ती दोघं गाव सोडून कामासाठी दुसरीकडे गेलीत. काउलीत विचारून तुला तो मिळायचा नाही, माझ्याशिवाय कुणाला माहीत नाही.

तो कागद मी कुठल्यातरी खोक्यात ठेवलाय. आणि तुला माहीत आहेच, मी सगळी खोकी उघडत नाही. सापडला की कळवते.

जरा दम धर.

विनोना स्टबलफील्ड